आम्ही आणि आपण

दिवाळीच्या दिवसांत दुपारी बाराच्या सुमाराला माणूस कुणाकडे सहज म्हणून जातो, गप्पा रंगतात, आतून फोडणीचा वास येऊ लागतो. अशा वेळी यजमान घड्याळाकडे पाहून म्हणाला, "आम्ही आता जेवायला बसणार," तर शहाण्या पाहुण्याने चपला शोधाव्यात. पण तोच जर म्हणाला, "आपण आता जेवायला बसू या," तर चपलांचा विचार सोडून हात धुवायला उठावे. दोन वाक्यांत फरक म्हणावा तर एका सर्वनामाचा. पण त्या फरकात भरलेले एक ताट आहे.

मराठीने ही दोन सर्वनामे वेगळी ठेवली, हे तिचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. 'आम्ही' म्हणताना बोलणारा आपल्या माणसांभोवती एक रेघ ओढतो आणि ऐकणारा त्या रेघेबाहेर उभा राहतो. 'आपण' म्हणताना तीच रेघ ऐकणाऱ्याच्या पाठीमागून जाते. हा भेद शेजारच्या गुजरातीत आहे, दक्षिणेकडे तमिळ-तेलुगूतही आहे. हिंदीच्या 'हम'मध्ये तो नाही, आणि इंग्रजीच्या 'वुई'मध्ये तर नाहीच. इंग्रज 'वुई' म्हणतो तेव्हा आपले पान मांडले आहे की नाही, हे पाहुण्याने त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचे!

चकलीच्या तुकड्याबरोबर वाचकांच्या हाती व्याकरण ठेवणारा हा मास्तर कोण, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी शाळेत भाषा शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत सर्वनामाशी रोज गाठ पडते. एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडी 'आम्ही' घालावे की 'आपण', यावर माझा अर्धा दिवस गेलेला आहे. त्यामुळेच असेल, एक फार प्रसिद्ध भाषण मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्यातले विचार तर मनात भरतातच, पण डोळे मात्र सर्वनामांच्या मागे लागतात.

ते भाषण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिल्लीला घटना समितीत केलेले समारोपाचे भाषण. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली जायची होती. भाषण इंग्रजीत झाले. ते मराठीत उतरवू लागले की पेन पुन्हा पुन्हा त्या 'वुई'पाशी येऊन थांबते. इंग्रजीने झाकून ठेवलेली गोष्ट मराठीत उघडी करावीच लागते.

भाषणाचा आरंभ अगदी कोरडा आहे. दिवाळी अंकाच्या संपादकाने तो खचित कापला असता. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली, तेव्हापासून २ वर्षे, ११ महिने आणि १७ दिवस झाले. अधिवेशने ११. बैठकींचे दिवस १६५, त्यांतले ११४ मसुद्याच्या चर्चेत गेले. दुरुस्त्यांच्या सूचना ७,६३५ आल्या, प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. असे वाटते की एखादा दक्ष कारकून वर्षाअखेरची वही वाचून दाखवतो आहे. ज्या सभागृहात १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री पंडित नेहरूंनी नियतीशी केलेल्या कराराची आठवण देऊन अंगावर रोमांच उभे केले होते, त्याच सभागृहात हा रोजमेळ!

पण त्या रोजमेळाला कारण होते. समितीने फार वेळ लावला, जनतेचा पैसा उधळला, रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत बसला तशातला हा प्रकार आहे, अशी टीका चालली होती. टीका अलंकारिक होती. बाबासाहेबांनी तिला आकड्यांनी उत्तर दिले. उपमेला उपमेने उत्तर देणे सोपे असते. इथे वकिलाने उपमा बाजूला सारली आणि कागद पुढे केला.

कोटीला कोटी करता येत नव्हती असे मात्र नाही. मसुदा समितीला, म्हणजे 'ड्राफ्टिंग कमिटी'ला, नझिरुद्दीन अहमद या सभासदांनी 'ड्रिफ्टिंग कमिटी' असे नाव ठेवले होते. ड्रिफ्टिंग म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणारी. बाबासाहेब म्हणाले, वाहणे दोन तऱ्हांचे असते, पाण्यावर ताबा नसताना आणि ताबा असताना. समिती कुठेतरी मासा लागेल म्हणून गळ टाकून बसली नव्हती. माहीत असलेल्या पाण्यात हवा तोच मासा ती शोधत होती. सबंध भाषणात अशा विनोदाच्या जागा फार थोड्या. पण या एका जागेवरून कळते की हा वक्ता कोरडा राहतो तो मुद्दाम राहतो.

या पहिल्या भागात 'मी' पुष्कळदा येतो, आणि प्रत्येक वेळी लहान होऊन येतो. अनुसूचित जातींचे हित राखावे, याहून मोठी आकांक्षा धरून मी इथे आलो नव्हतो. मसुदा समितीवर मला घेतले तेव्हा आश्चर्य वाटले; तिचे अध्यक्ष केले तेव्हा त्याहून अधिक वाटले. माझ्याहून मोठी, अधिक लायक माणसे तीत होती. जे श्रेय मला दिले जाते, ते खरे म्हणजे माझे नाहीच. त्यातले काही सर बी. एन. राव यांचे, आणि त्याहून मोठा वाटा घटनेचे मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांचा. आपल्याकडे सत्काराला उत्तर देताना असे बोलण्याची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण सत्काराच्या भाषणातली नम्रता नावे घेत नाही. 'सर्व सहकाऱ्यांचे' म्हटले की काम भागते. इथे प्रत्येकाचे नाव आहे आणि नावापुढे त्याचे काम आहे. 'मी'च्या खात्यातून रक्कम काढून ती दुसऱ्यांच्या खात्यात रीतसर जमा केलेली आहे.

हिशेब संपतो आणि भाषण वळते. २६ जानेवारी १९५० ला भारत स्वतंत्र प्रजासत्ताक होईल; त्याच्या स्वातंत्र्याचे पुढे काय होईल? तो ते राखील की पुन्हा गमावील? मग एकेक दाखला येतो. सिंधवर महंमद बिन कासिमाची स्वारी झाली तेव्हा राजा दाहिराच्या सेनापतींनी लाच खाल्ली. जयचंदाने घोरीला बोलावले. शिवाजी महाराज लढत होते तेव्हा इतर मराठे सरदार आणि रजपूत राजे मोगलांच्या बाजूने लढत होते. बखरी वाचलेल्या मराठी माणसाला यासाठी एकच शब्द सुचतो : फितुरी. स्वातंत्र्य गेले ते आपल्याच माणसांमुळे, हा या यादीचा अर्थ. इथे 'आपल्याच' म्हणावे लागते. 'आमच्या' म्हणून चालत नाही, आणि 'त्यांच्या' म्हणून तर मुळीच नाही. भाषणातले सर्वनाम हळूच बदलले आहे.

यानंतर तीन इशारे आहेत. पहिला असा, की रक्तरंजित क्रांती तर सोडाच, पण कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्गही आता सोडले पाहिजेत. सनदशीर मार्ग मोकळे असताना ते म्हणजे अराजकाचे व्याकरण आहे. मूळ शब्द 'ग्रामर ऑफ अनार्की'. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द वाचून आधी जरा राग येतो. अराजकाला कसले आले आहे व्याकरण? पण विचार केला की शब्दाची नेमकी जागा कळते. व्याकरण म्हणजे ज्या नियमांनी पुढची वाक्ये तयार होतात ते नियम. एकदा घोटून अंगात मुरले की माणूस ते न आठवताच वापरतो. एखादी रीत हाडीमासी खिळली म्हणजे तिचे कारण संपल्यावरही तोंडातून तीच वाक्ये निघत राहतात, ही भीती त्या एका शब्दात आहे. आणि ती बोलून दाखवणारा माणूस कोण, तर २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा आणि २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह चालवणारा. सनदशीर दारे बंद होती तेव्हा त्या मार्गांना समर्थन होते, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले आहे. दुसऱ्यांच्या हातचे हत्यार खाली ठेवा म्हणणे सोपे. इथे स्वतःच्या हातचेही ठेवले आहे. म्हणून हाही इशारा 'तुम्ही'ला नाही, 'आपण'ला आहे.

दुसरा इशारा विभूतिपूजेचा. कितीही मोठा पुरुष असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायांशी वाहू नये. इथे इंग्रजी वाक्यात मध्येच एक आपला शब्द येतो : भक्ती. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. 'डिव्होशन' आणि 'हीरो-वर्शिप' हे इंग्रजी शब्द शेजारी आहेत, पण जोर 'भक्ती'वर आहे. त्यांचे वडील कबीरपंथी होते, घरात भजने होत. तो शब्द त्यांनी बाहेरून उचललेला नव्हता. घरात ऐकलेल्या शब्दाला त्यांनी मान दिला, त्याची जागा दाखवली, आणि त्या जागेबाहेर त्याने येऊ नये म्हणून सांगितले.

आणि तिसरा इशारा. या भाषणाचा गाभा तिथे आहे. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीने भरलेल्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत. राजकारणात समता असेल. सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. असे विसंगत आयुष्य आपण किती काळ जगत राहणार? सामाजिक आणि आर्थिक जीवनात समता किती काळ नाकारत राहणार?

हा मजकूर मी एकदा सातवीच्या वर्गात भाषांतराला घेतला होता. इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहिले, अवघड शब्दांचे अर्थ सांगितले, आणि मुलांना वहीत मराठी करायला लावले. बहुतेकांनी 'आम्ही' लिहिले. 'वुई म्हणजे आम्ही' हे पाठांतर त्यांच्या कामी आले. तिघाचौघांनी 'आपण' लिहिले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र लिहिले होते : "तुम्ही समता किती काळ नाकारत राहणार?"

मी त्याला उभे करून विचारले, "फळ्यावर 'वुई' आहे ना रे? मग 'तुम्ही' कुठून आले?"

तो म्हणाला, "सर, नाकारणारे बाबासाहेब नव्हते. त्यांना नाकारत होते. मग ते 'आपण नाकारतो' असं कसं म्हणतील?"

वर्ग गप्प झाला. मुलगा आमच्या गावातल्या कुठल्या वस्तीतून येतो ते सगळ्या वर्गाला माहीत होते, आणि वर्गाला माहीत आहे हे त्याला माहीत होते. त्याचे व्याकरण चुकले होते म्हणावे, तर इतका सरळ प्रश्न मला माझ्या सबंध नोकरीत कुणी विचारला नव्हता. मी त्याच्या वहीवर तांबडी रेघ ओढली नाही. "मूळ शब्दाचा अर्थ हा नाही, पण तुझी शंका खरी आहे," एवढेच मी म्हणालो आणि तोच प्रश्न वर्गाला घातला. बऱ्याच वेळाने पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, 'तुम्ही' म्हटलं असतं तर ते भांडण झालं असतं. मग कुणी ऐकलं नसतं." मागच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, "ऐकलं नसतं तरी खरं झालं असतं."

त्या दोघांपैकी कोण बरोबर, याचा निकाल मी वर्गात दिला नाही. घरी आल्यावर मात्र सारे भाषण पुन्हा काढून बसलो आणि सर्वनामे शोधू लागलो. तेव्हा जे दिसले ते असे. जिथे दुःख सोसण्याची गोष्ट आहे, तिथे बाबासाहेब 'ते' म्हणतात. दलित वर्ग दुसऱ्यांनी आपल्यावर राज्य करावे याला कंटाळला आहे. ते आता स्वतः राज्य करायला अधीर झाले आहेत. विषमतेने जे पोळले आहेत, ते या समितीने एवढ्या कष्टाने उभारलेला राजकीय लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. ज्यांच्यापैकी ते स्वतः होते, ज्यांच्यासाठी आपण या सभागृहात आलो असे त्यांनी त्याच भाषणात आधी सांगितले होते, त्यांना ते 'आम्ही' म्हणत नाहीत. आणि जिथे अन्याय करण्याची, तो दूर करण्याची गोष्ट आहे, तिथे म्हणतात 'आपण'. ही विसंगती आपण लवकरात लवकर दूर केली पाहिजे.

मला वाटते, त्या मुलाच्या शंकेचे उत्तर इथे आहे. 'आम्ही सोसले, तुम्ही नाकारले' असे म्हणण्याचा हक्क त्या सभागृहात त्यांच्याइतका कुणाला होता? तो हक्क त्यांनी त्या दिवशी वापरला नाही. 'आम्ही' म्हटले असते तर सोसणाऱ्यांभोवती रेघ पडली असती आणि बाकीच्यांना तिच्याबाहेर उभे राहून सहानुभूती दाखवता आली असती. 'आपण' म्हटल्यावर पळायला वाट उरली नाही. शिवाय मराठीतला 'आपण' मोठा मिस्किल आहे. तो 'मी आणि तुम्ही' असा सगळ्यांना पोटात घेतो. तोच आदराने 'तुम्ही' असाही होतो. "आपण समता किती काळ नाकारत राहणार?" हे वाक्य सभेत मोठ्याने म्हणून पाहावे. त्यात त्या मुलाचा 'तुम्ही' हरवत नाही. तो आतच असतो, फक्त हात जोडून उभा असतो.

त्याच ओघात बाबासाहेबांनी एका शब्दाची गोष्ट सांगितली आहे. ब्राइस नावाच्या ग्रंथकाराने नोंदवलेली ती गोष्ट अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाची. सर्व लोकांसाठी म्हणून एक छोटी प्रार्थना तयार करायची होती. कुणी सुचवले, 'देवा, आमच्या राष्ट्राचे भले कर.' एका दुपारी ते मंजूरही झाले. दुसऱ्या दिवशी 'राष्ट्र' या शब्दावर इतके आक्षेप आले की तो काढून 'या संयुक्त संस्थानांचे भले कर' असा पाठ घालावा लागला. ज्यांच्यात जातिभेद नव्हता त्यांना तो शब्द तोंडी घेणे जड गेले. मग हजारो जातींत वाटलेल्या लोकांनी आपण राष्ट्र आहोत असे मानणे हा भ्रम नव्हे काय, असा त्यांचा सवाल. पुढची वाक्ये अगदी लहान आहेत. भारतात जाती आहेत. जाती राष्ट्रविरोधी आहेत. अलंकार नाही, विशेषण नाही. आपण राष्ट्र आहोत असे म्हणू नका, असे ते म्हणत नाहीत; अजून झालेलो नाही हे जितके लवकर ओळखू तितके बरे, असे म्हणतात. माझ्या कानाला त्या वाक्यात राष्ट्र हे नाम न राहता क्रियापद झालेले ऐकू येते.

आता आमच्या शाळेतल्या परिपाठाकडे पाहतो. रोज सकाळी मुले प्रतिज्ञा म्हणतात; तीत सारे 'माझे' आणि 'मी'. मग संविधानाची उद्देशिका म्हणतात. ती 'आम्ही'ने सुरू होते. उद्देशिकेत तो 'आम्ही' अगदी बरोबर आहे. साऱ्या लोकांनी मिळून जगापुढे केलेली ती घोषणा आहे. तिथे रेघेबाहेर उभे राहणारे कुणी देशातले नाही. पण परिपाठ संपतो, मुले वर्गाकडे वळतात, आणि कानावर येते, "आमच्या आळीत", "त्यांच्या वस्तीत", "आमच्यात असं नसतं". मोठ्यांकडून ऐकलेला 'आम्ही' त्यांच्या तोंडी अगदी अस्खलित आहे. 'आपण' मात्र त्यांना कुठल्या पाठातून आपोआप मिळत नाही. तो रोजच्या वागण्यातून मिळवावा लागतो, आणि तो नसला की मागच्या बाकावरचा मुलगा 'तुम्ही' लिहितो. त्याने दुसरे काय लिहावे?

भाषणाचा शेवट पुन्हा व्याकरणाशीच येऊन ठेपतो. लिंकनने १८६३ साली गेटिसबर्गला लोकांचे, लोकांनी चालवलेले, लोकांसाठी असलेले राज्य म्हटले होते. बाबासाहेब त्यातल्या दोन विभक्तींकडेच बोट दाखवतात. लोक 'लोकांनी चालवलेल्या' राज्याऐवजी 'लोकांसाठी चालवलेले' राज्य पसंत करू लागतील, असे दोष आपल्या वाटेत आडवे पडले आहेत. ते ओळखायला आपण उशीर करू नये, ते दूर करायला कचरू नये. लोकांना आयते भले हवेसे वाटले की तृतीया जाते आणि चतुर्थी उरते. मग कुणीतरी दाता होतो आणि बाकीचे याचक.

आणि मग दोनच लहान वाक्ये. देशाची सेवा करण्याचा हा एकच मार्ग आहे. याहून चांगला मला माहीत नाही. आरंभीच्या हिशेबात लहान झालेला 'मी' इथे अखेरच्या वाक्यात परत येतो, आणि येऊन आपल्याला जेवढे माहीत आहे तेवढेच सांगतो. ना जयघोष, ना आशीर्वाद.

ती तारीख २५ नोव्हेंबर. घटना समितीने 'आम्ही, भारताचे लोक' असे म्हणून घटना स्वीकारली ती २६ नोव्हेंबरला. क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आदल्या दिवशी सभागृहात 'आपण' उच्चारला गेला होता. 'आम्ही' म्हणायची वेळ त्यानंतर आली.